सातबारा आणि कलम २१४(बी)

अमेरिकेच्या एफ-१ व्हिसाची तयारी करणारे ज्युनिअर्स हमखास विचारतात, मुलाखतीला सातबारा न्यायचा का? या प्रश्नाचं मूळ १९५२ च्या कायद्यात आहे. ट्रुमन यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने तो मंजूर केला. त्याचं कलम २१४(बी) म्हणतं, अर्जदार कायमचा राहायला येतोय असंच आधी धरायचं. तसं नाही, हे त्यानेच पटवायचं. तेव्हा भारताचा स्थलांतर कोटा होता वर्षाला १००!

कायद्यात सातबारा कुठेच नाही. मायदेशी घर हवं आणि ते सोडायचा इरादा नको, एवढंच. आता इरादा कागदावर कसा दाखवणार? माझी जाडजूड फाईल अधिकाऱ्याने उघडलीसुद्धा नाही. फक्त विचारलं, ‘पीएचडीनंतर काय?’ तिथेच माझी त-त-प-प झाली.