‘वेळ हवा’ : समलिंगी विवाह आणि आपले पुढारी

पाऊस आहे, लाइट जाऊन-येऊन आहे, तरी एवढे लोक आलात, बरं वाटलं. माइक बंद पडला तर मोठ्यानं बोलेन. मास्तरकीची सवय आहे. (हशा)

मागच्या व्याख्यानात आपण न्यायमूर्ती रानडे बघितले. ते संपल्यावर एक जण मागे थांबला. पस्तिशीतला, सिमेंट कारखान्यात कंत्राटी कामावर. खुर्च्या उचलायला लागला, मग हळूच म्हणाला, “सर, एक विचारू का? दोन पुरुषांच्या लग्नाचा कायदा आपल्याकडे कधी होईल?” मी म्हटलं, “कोणासाठी विचारता?” तो म्हणाला, “माझ्यासाठीच.”

तो आणि त्याचा जोडीदार अकरा वर्षं इथंच, गडचांदुरात, भाड्याच्या खोलीत राहतात. शेजारी त्यांना चुलतभाऊ समजतात. मध्यंतरी जोडीदाराचा अपघात झाला. ऑपरेशनच्या कागदावर ‘रुग्णाशी नातं’ अशी एक जागा असते. यानं तिथं ‘भाऊ’ लिहिलं. आडनाव वेगळं, पत्ता तोच. समोरच्या माणसाला शंका आली. सही चालणार नाही म्हणाले. गावाहून सख्खा भाऊ येईपर्यंत पाच तास गेले. माणूस वाचला. पण “पाच तास, सर,” एवढं तो दोनदा म्हणाला.

हे मी त्याला विचारून, ओळख पटणार नाही असं थोडं बदलून सांगतो आहे. त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. कायदा कधी होईल हे इतिहासाच्या मास्तरला कसं कळणार? पण या प्रश्नावर आपली निवडून दिलेली माणसं कधी काय बोलली, हे मात्र शोधता येतं. आजचं व्याख्यान तेवढंच आहे.

सुरुवात मुंबईपासून. डिसेंबर १९९८. दीपा मेहतांचा ‘फायर’ लागला होता, एका घरातल्या दोन जावांच्या प्रेमाची गोष्ट. शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी थिएटरं फोडली. राज्यात सरकार युतीचं, आणि मुख्यमंत्री मनोहर जोशींनी या लोकांचं चक्क अभिनंदन केलं. हा विषय आपल्या संस्कृतीत बसत नाही म्हणाले. काय बोललं तर काय किंमत पडते, हे पुढाऱ्याला बरोबर कळतं. १९९८ मध्ये असं बोलायला किंमत शून्य होती. दुसऱ्या बाजूनं बोलायला मात्र भारी पडत होती.

आता पंधरा वर्षं पुढे. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं कलम ३७७ मधून प्रौढांच्या संमतीचे संबंध वगळले होते. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. सोनिया आणि राहुल गांधींनी नाराजी व्यक्त केली. भाजपचे तेव्हाचे अध्यक्ष राजनाथ सिंह म्हणाले, आम्ही ३७७ च्या बाजूनं आहोत, हे अनैसर्गिक आहे. म्हणजे मतभेद तरी स्पष्ट होता. पुढे तोही राहिला नाही, आणि खरी गंमत तिथून सुरू होते.

१८ डिसेंबर २०१५. शशी थरूर लोकसभेत ३७७ बदलायचं खासगी विधेयक मांडू बघतात. नुसतं मांडायची परवानगी हवी, चर्चा नंतरची. मतदान झालं : विरोधात ७१, बाजूनं २४. परवानगी नाही. सगळे ७१ कडे बघतात, मी बेरीज करतो. ७१ आणि २४ म्हणजे ९५. सभागृह ५४३ चं. बाकीच्यांनी मतच नोंदवलं नाही. ज्या पक्षांनी दोन वर्षांपूर्वी दुःख व्यक्त केलं होतं, त्यांची बाकंही भरलेली नव्हती. मार्च २०१६ मध्ये थरूरांनी पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा ५८ विरुद्ध १४. आधीपेक्षाही कमी लोक.

जुलै २०१८ मध्ये प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयात. केंद्र सरकार काय म्हणालं? आम्ही हे न्यायालयाच्या विवेकावर सोडतो. ६ सप्टेंबरला न्यायालयानं निकाल दिला, गुन्हा संपला, आणि जवळजवळ सगळ्यांनी तो मान्य केला. ज्यांनी २०१३ मध्ये अनैसर्गिक म्हटलं होतं त्यांचाही आवाज खाली आला. मत बदललं म्हणून? काहींचं बदललंही असेल. पण हात वर करायची वेळ कोणावर आली नाही, हे मोठं कारण.

मग २०२३. आता प्रश्न लग्नाचा. त्याच केंद्र सरकारचं प्रतिज्ञापत्र म्हणतं, हा न्यायालयाचा विषयच नाही, संसदेचा आहे. आणि ही मागणी शहरी उच्चभ्रूंची आहे. मी ते वाचलं तेव्हा खुर्च्या उचलणारा तो माणूस अजून मला भेटायचा होता. आज ते वाक्य वाचवत नाही. (शांतता) सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात याला उत्तर दिलं आहे. शेतात राबणारी बाईही अशी असू शकते, असं त्यांनी लिहिलं.

तर बघा, २०१५ मध्ये संसदेत मांडू दिलं नाही. २०१८ मध्ये संसदेनं नव्हे, न्यायालयानं ठरवावं. २०२३ मध्ये न्यायालयानं नव्हे, संसदेनं. सरकारी ऑफिसात आपल्याला एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवतात ना, तसं.

आणि आपलं महाराष्ट्र सरकार? केंद्रानं सगळ्या राज्यांना पत्र पाठवून मत विचारलं होतं. मे २०२३ मध्ये न्यायालयात सांगितलं गेलं की सात राज्यांची उत्तरं आली. राजस्थान, आंध्र आणि आसाम यांनी विरोध केला. राजस्थानात तेव्हा काँग्रेसचं सरकार होतं, हे लक्षात ठेवा, नंतर लागेल. महाराष्ट्र, उत्तर प्रदेश, मणिपूर आणि सिक्कीम म्हणाले, विषय मोठा आहे, विचारविनिमय हवा, आम्हाला वेळ हवा.

‘वेळ हवा.’ मंडळी, मी इतिहासाचा विद्यार्थी, हे वाक्य मला लगेच ओळखू आलं. महाराष्ट्रात लग्नाच्या कायद्याबद्दल हे वाक्य सव्वाशे वर्षांहून जास्त काळ म्हटलं जातं आहे.

१८९१ चा संमतिवयाचा कायदा घ्या. मुलीचं संमतिवय दहाचं बारा करायचं, एवढीच गोष्ट. टिळकांचा विरोध. पण टिळक बालविवाहाच्या बाजूचे होते का? नाही! १८९० मध्ये त्यांनीच सुचवलं होतं की सुधारकांनी स्वतःवर बंधन घालून घ्यावं, मुलीचं लग्न सोळाच्या आत नाही, मुलाचं विसाच्या आत नाही. म्हणजे तत्त्वाला मान्यता, कायद्याला विरोध. परक्या सरकारनं आमच्या घरात हात घालू नये, समाज स्वतः तयार होऊ दे. आणि दुसऱ्या बाजूचे रानडे, विधवाविवाहाचे पुरस्कर्ते, १८७३ मध्ये पहिली पत्नी वारल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे झुकले आणि अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केलं. मागच्या वेळी यावरून तुमच्यापैकी काही जण माझ्यावर रागावले होते, तरी पुन्हा सांगतो.

जाता जाता आपल्या भागाची एक गोष्ट. १८९१ चा तो कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा. वर्धा नदीपलीकडे चांद्याला लागू, अलीकडे आपल्या राजुरा भागात नाही, कारण आपण निजामाच्या राज्यात. नावेतून नदी ओलांडली की त्याच मुलीसाठी कायदा बदलायचा. समाज नदीच्या दोन्ही काठांवर एकच होता. तेव्हा ‘समाज तयार झाला की कायदा होतो’ हे मला फारसं पटत नाही.

दुसरं उदाहरण १९५१ चं. बाबासाहेबांचं हिंदू कोड बिल. नेहरूंचा पाठिंबा होता, मनापासून होता असं मी मानतो. पण पक्षात विरोध, राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांचा विरोध, आणि समोर पहिली सार्वत्रिक निवडणूक. बिल रखडलं. २७ सप्टेंबर १९५१ ला बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. निवडणूक झाली, काँग्रेस मोठ्या बहुमतानं आली, आणि तेच नेहरू, तेच मत : १९५४ मध्ये विशेष विवाह कायदा, १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा. तीन-चार वर्षांत भारतीय समाज काय एवढा बदलला? बदललं ते निवडणुकीचं वेळापत्रक. आणि ज्यानं ते बिल उभं केलं तो माणूस तोवर मंत्रिमंडळाबाहेर होता.

याच १९५४ च्या कायद्यात आजचं भांडण आहे. त्याच्या चौथ्या कलमात पुरुष एकवीस वर्षांचा आणि स्त्री अठरा वर्षांची असावी असं लिहिलं आहे. १ एप्रिल २०२२ ला सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं : दोघं पुरुष असतील तर एकवीस, दोघी स्त्रिया असतील तर अठरा, आणि पती-पत्नीच्या जागी ‘जोडीदार’. आता कोणी म्हणेल, खासगी विधेयकाला काय लागतं? १९७० नंतर असं एकही विधेयक कायदा झालेलं नाही. खरं आहे. तेही सतराव्या लोकसभेबरोबर संपलं. तरी मी त्याला हलकं लेखत नाही. कागदावर नाव आलं. ‘फायर’च्या वेळच्या महाराष्ट्रात हे कोणत्या खासदारानं केलं असतं?

त्याच्या तीनच महिने आधी, २८ डिसेंबर २०२१ ला, आपल्या विधानसभेत विद्यापीठ कायद्याची दुरुस्ती आली होती. मुख्य वाद कुलगुरूंच्या नेमणुकीचा. पण तीत एलजीबीटीक्यू समुदायाचा उल्लेख होता, आणि त्यावर हरकत घेतली आपल्याच जिल्ह्यातल्या, बल्लारपूरच्या सुधीर मुनगंटीवार यांनी. अशा लोकांना सदस्य करणार का, या शब्दांची व्याख्या कुठे आहे? त्या बोलण्याचा बराच निषेध झाला. व्याख्या विचारणं आमदाराचं कामच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या माणसांबद्दल बोलताना ती माणसं सभागृहात नसतात, हे जाणवत राहतं.

आणि ती असली की काय होतं, याचं उदाहरण मालवणचं आहे. (हशा) हसू नका, खरंच. मालवण तालुक्यात वराड नावाचं गाव आहे. तिथले डॉक्टर अशोक वराडकर परदेशी गेले, त्यांचा मुलगा लिओ डब्लिनला वाढला आणि आमदार-खासदार म्हणतो तसा तिथल्या संसदेत गेला. २०१० मध्ये समलिंगी जोडप्यांच्या नोंदणीचा कायदा आला, तेव्हा हे लिओ वराडकर मूल दत्तक देण्याच्या विरोधात बोलले. प्रत्येक मुलाला आई आणि वडील दोन्ही मिळायला हवेत असं त्यांचं म्हणणं. १८ जानेवारी २०१५ ला, आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी, आरोग्यमंत्री असताना, त्यांनी रेडिओवर सांगितलं की मी स्वतः समलिंगी आहे. त्याच वर्षी २२ मे रोजी आयर्लंडनं सार्वमत घेतलं आणि ६२ टक्के लोकांनी समलिंगी विवाहाला होकार दिला. ज्या देशात १९९३ पर्यंत हा गुन्हा होता, तिथे. दोन वर्षांनी वराडकर पंतप्रधान झाले, आणि २०१९ च्या डिसेंबरात वराडला येऊन गेले.

तेव्हा २०१० चं त्यांचं मत खोटं होतं का? मला वाटतं, ते एका घाबरलेल्या माणसाचं मत होतं. पण हा माझा अंदाज. ओबामांचं गणित मात्र सरळ आहे. १९९६ मध्ये इलिनॉयमध्ये उमेदवार असताना लेखी पाठिंबा, २००८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे असताना विरोध, ९ मे २०१२ ला पुन्हा पाठिंबा. मधल्या काळात अमेरिकेतल्या पाहण्यांमध्ये बहुमत बाजूनं झालं होतं.

आपल्याकडेही शब्द सरकत आहेत, हे मान्य करायला हवं. चंद्रपुरात शाळा शिकलेले सरसंघचालक मोहन भागवत यांनी जानेवारी २०२३ च्या मुलाखतीत सांगितलं की अशी माणसं पूर्वीपासून आहेत, त्यांना समाजात जागा असावी. त्यासाठी जरासंधाच्या दोन सेनापतींचा दाखला दिला. दोनच महिन्यांनी दत्तात्रेय होसबाळे म्हणाले, विवाह मात्र स्त्री-पुरुषांतच. म्हणजे शिक्षा नको, जागा द्या, लग्न नको. काँग्रेसनं २०२४ च्या जाहीरनाम्यात चर्चा करून ‘सिव्हिल युनियन’चा कायदा आणू असं लिहिलं. राजस्थान आठवतं ना? एका वर्षाचं अंतर. आपल्या चंद्रपूर मतदारसंघातून त्याच पक्षाच्या उमेदवार निवडून आल्या. मी त्या निवडणुकीत तीन सभा ऐकल्या, धानाचा भाव ऐकला, वाघ ऐकला, कारखान्यातल्या नोकऱ्या ऐकल्या. जाहीरनाम्यातलं ते वाक्य कुठल्याच सभेत ऐकू आलं नाही.

१७ ऑक्टोबर २०२३ चा निकाल तुम्हाला माहीत आहे. लग्नाचा मूलभूत अधिकार नाही यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत. सिव्हिल युनियन तीन विरुद्ध दोननं नाकारलं. बाकी हक्कांसाठी कॅबिनेट सचिवांची समिती. जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या. पण त्या समितीतून २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात काही गोष्टी निघाल्या : संयुक्त बँक खातं उघडता येईल, खात्याला जोडीदाराला नॉमिनी करता येईल, रेशनकार्डासाठी दोघांना एक कुटुंब धरावं असं राज्यांना कळवलं गेलं. भाषण नाही, मतदान नाही, गुपचूप परिपत्रक.

हे सगळं शोधून झाल्यावर मी त्या माणसाला फोन केला. म्हटलं, कायद्याचं सांगता येत नाही, पण रेशनकार्डाचं असं असं आहे, कोरपन्याला तहसीलमध्ये विचारून बघा, हवं तर मी येतो सोबत. तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “सर, तिथल्या खिडकीवर बसतात ते आमच्या घरमालकाचे साडू आहेत.”

बँकेचं तेवढं बघू म्हणाला. पुढच्या सोमवारी आम्ही दोघं जाणार आहोत.

आता प्रश्न असतील तर घेऊ. मागं बसलेल्यांनी जरा मोठ्यानं विचारा.