पोर्ट ९२०० : शोधयंत्राच्या उघड्या दाराची गोष्ट

संकेतस्थळाच्या शोधचौकटीत शब्द टाकला की उत्तर क्षणात येते. पण पुष्कळदा ते शोधण्याचे काम मागे चालणारे एक स्वतंत्र शोधयंत्र करीत असते. त्याचा पत्ता असतो सेटिंग्जच्या फाइलमधील एका ओळीत. हा त्या ओळीचा इतिहास.

१९९९ मध्ये डग कटिंग यांनी ‘ल्युसीन’ लिहिले. ते ॲप्लिकेशनच्या पोटातच चाले, त्यामुळे जोडणीचा प्रश्नच नव्हता. २००४ मध्ये सीनेट कंपनीत योनिक सीली यांनी त्याभोवती ‘सोलर’ हा सर्व्हर उभारला आणि शोधयंत्र वेगळ्या यंत्रावर राहायला गेले.

फेब्रुवारी २०१० मध्ये शाय बॅनन यांचे ‘इलॅस्टिकसर्च’ आले. (लंडनमध्ये पाकशास्त्र शिकणाऱ्या पत्नीच्या पाककृती शोधता याव्यात, या खटाटोपातून त्यांचे आधीचे ‘कंपास’ जन्मले होते.) त्याची जोडणी विलक्षण सोपी होती: यंत्राचा पत्ता आणि पोर्ट ९२००. ना वापरकर्त्याचे नाव, ना पासवर्ड. लोकप्रियतेचे एक कारण हेच, आणि पुढच्या अनर्थाचेही.

कारण मूळ सेटिंगनुसार हा सर्व्हर यंत्राच्या प्रत्येक नेटवर्क पत्त्यावर ऐकत असे. पुढे फायरवॉल असेलच, हे गृहीत होते. भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर ती अनेकदा नसे. मग पत्ता सापडेल त्याला सगळी माहिती वाचता येई, पुसताही येई.

ऑक्टोबर २०१५ मधील २.० आवृत्तीने सर्व्हर फक्त स्वतःच्या यंत्रापुरता, म्हणजे लोकलहोस्टपुरता, मर्यादित केला. उपाय योग्यच, पण संकेतस्थळ दुसऱ्या यंत्रावर असेल तर जोडणी तुटे. तेव्हा सेटिंगमध्ये ०.०.०.० लिहिणे हा सर्वांत झटपट तोडगा ठरे, आणि दार पुन्हा सताड उघडे. जुन्या आवृत्त्याही ठिकठिकाणी चालूच होत्या.

जानेवारी २०१७ मध्ये खंडणीखोरांनी असे सर्व्हर हेरून माहिती पुसली आणि मागे ०.२ बिटकॉइन मागणारी चिठ्ठी ठेवली.

तोवर इलॅस्टिकचे अधिकृत कुलूप विकत घ्यावे लागे. पासवर्ड व सांकेतिक जोडणीची मूलभूत सोय विनामूल्य झाली ती मे २०१९ मध्ये, ६.८ व ७.१ आवृत्त्यांत. फेब्रुवारी २०२२ च्या ८.० पासून नव्या सर्व्हरवर सुरक्षा आपोआप चालू होते. त्यामुळे त्या एका ओळीला आता एचटीटीपीएस पत्ता, वापरकर्ता, पासवर्ड आणि प्रमाणपत्र यांची जोड लागते. सरावासाठीच्या कितीतरी नमुना फाइलींत मात्र ही सुरक्षा बंद करणारी ओळ आजही दिसते.