मांडवाचा खर्च कोणाचा? यवतमाळचे संमेलन आणि वर्धेपलीकडचे तिकीट

१/ यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा मान दोनदा लाभला. १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते; जानेवारी २०१९ च्या ९२व्या संमेलनात अरुणा ढेरे. दुसरे संमेलन वादामुळे स्मरणात राहिले. त्या वादाच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे : साहित्याच्या उत्सवाचा खर्च कोणी सोसावा?

२/ १८७८ मध्ये न्यायमूर्ती रानडे व लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात ग्रंथकार जमले, तेव्हा मेळावा लहान होता. आज मांडव प्रचंड, रसिकांना प्रवेश विनामूल्य. शुल्क भरतात ते नोंदणीकृत प्रतिनिधी. उरलेला भार अनुदान, स्थानिक संस्था व देणगीदार यांच्यावर. राज्याचे अनुदान २०१८ मध्ये २५ लाखांवरून ५० लाख झाले, २०२३ मध्ये २ कोटी.

३/ राजाश्रयाची धास्ती जुनी आहे. आणीबाणीवरील ‘जनांचा प्रवाहो चालिला’ या विनय हर्डीकरांच्या पुस्तकाला जाहीर झालेला पुरस्कार शासनाने रद्द केला. १९८१ मध्ये अकोल्याचे संमेलन भरले, त्याच वर्षी मुंबईत मालती बेडेकरांच्या अध्यक्षतेखाली समांतर संमेलन झाले.

४/ स्वावलंबनासाठी साहित्य महामंडळाने ‘महाकोश’ काढला : लोकांनी देणग्या द्याव्यात, त्यांच्या व्याजावर संमेलन चालावे. निधी कधीच पुरेसा वाढला नाही. तोच वाचक ग्रंथप्रदर्शनात मात्र पिशव्या भरून पुस्तके विकत घेतो.

५/ २०१९ मध्ये उद्घाटक नयनतारा सहगल यांचे निमंत्रण आयोजकांनी मागे घेतले. अनेक साहित्यिकांनी येण्याचे नाकारले. महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला. अखेर उद्घाटन केले ते वैशाली येडे यांनी, याच जिल्ह्यातील एका आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नीने. संमेलन पार पडले; पण ते कोणाचे, हा प्रश्न उरला.

६/ मग विदर्भातील माणूस कलेसाठी पैसे मोजत नाही काय? वर्धा नदी ओलांडून चंद्रपूर-गडचिरोलीत जावे. धानाची कापणी आटोपली, की झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू होतो. गावातील मंडळ नाटक कंपनीशी करार करते, तिकिटे विकते आणि शेतकरी-मजूर रात्रभर नाटक पाहतात. वडसा हे या कंपन्यांचे केंद्र. याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

७/ तिकीट काढणाऱ्याचीही मर्जी राखावी लागते, त्यामुळे लोकाश्रयही निर्वेध नव्हे. तथापि झाडीपट्टीत प्रेक्षकाला आपला पैसा कशासाठी जातो हे ठाऊक असते आणि नाटक पडले तर तो पुढील वर्षी येत नाही. संमेलनाच्या मांडवात बसणाऱ्याने काहीच दिलेले नसते. म्हणून निमंत्रण मागे घेताना त्याला कोणी विचारलेही नाही.