पाहिले म्हणून ठाऊक

जर्मन शिकू लागलेल्या माणसाला एक साधे क्रियापद लवकरच अडवते. ‘विसन’ म्हणजे ठाऊक असणे. जर्मनमध्ये वर्तमानकाळात ‘तो’ आला की क्रियापदाच्या शेवटी बहुधा ‘त’ लागतो. इथे लागत नाही. ‘इश वाइस’ म्हणजे मला ठाऊक आहे आणि ‘एर वाइस’ म्हणजे त्याला ठाऊक आहे. रूप एकच. असे का?

उत्तर फार मागे सापडते. जर्मन भूतकाळात आजही ‘मी’ आणि ‘तो’ यांचे रूप एकच असते. म्हणजे ‘वाइस’ हे मुळात घडून गेलेल्या क्रियेचे रूप आहे. चौथ्या शतकात बिशप वुल्फिला याने बायबल गॉथिक भाषेत आणले, त्यात ‘वाइत’ आहे. ग्रीकमध्ये ‘ओइदा’ आहे. संस्कृतात तर ‘अहं वेद’ आणि ‘स वेद’, इथेही एकच रूप! मूळच्या ‘द’चा जर्मानिक भाषांत ‘त’ होतो, हा नियम याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये मांडला. लॅटिन ‘विदेओ’चा अर्थ आहे ‘मी पाहतो’. हे सारे जुळवून विद्वानांनी मूळ धातू ठरवला ‘वेइद’, म्हणजे पाहणे. मी पाहिले आहे, म्हणून मला ठाऊक आहे.

इंग्रजीत हे क्रियापद रोजच्या वापरातून गेले, त्याची जागा ‘नो’ने घेतली. पण ‘विटनेस’ या शब्दात ते टिकून आहे. आपल्या ‘साक्षी’ शब्दातही ‘अक्ष’ म्हणजे डोळा आहेच.

मात्र ‘वेइद’ कोणत्याही शिलालेखात किंवा पोथीत नाही. म्हणून अभ्यासक अशा शब्दापुढे एक तारका छापतात. एकोणिसाव्या शतकात ही रीत आउगुस्ट श्लायशर यांनी रूढ केली. हा शब्द कुणी लिहिलेला आढळलेला नाही, तर्काने उभा केला आहे, असे ती तारका प्रामाणिकपणे सांगते.

पुढे अनेकांना या तारकेचा विसर पडला. शब्दांचे नाते त्यांनी रक्ताचे नाते ठरवले. आर्य ही भाषेची ओळख आहे, रक्ताची नव्हे, असे माक्स म्युलर यांनी १८८८ मध्ये बजावले होते. तरीही १९३३ नंतर जर्मनीत त्याच कल्पित रक्ताच्या नावाने कायदे झाले आणि लाखो माणसे मारली गेली. ज्या भाषेत ‘ठाऊक आहे’ म्हणजे मुळात ‘पाहिले आहे’, तिथेच न पाहिलेल्या गोष्टीवर एवढा विश्वास ठेवला गेला.