एक संहिता, दोन पुस्तके

गडचिरोली जिल्ह्यातील अहेरी परिसरात मराठी, माडिया आणि तेलुगू या तिन्ही भाषा बोलल्या जातात. त्यांतील मजकूर एकत्र आणून, समजा, लोककथांचे पुस्तक काढावयाचे आणि तेच मोबाईलवरही वाचता यावे अशी इच्छा असेल, तर सॉफ्टवेअरची निवड टंकलेखनापूर्वीच करावी लागते.

पेजमेकरच्या काळात मराठीची अक्षरजुळणी श्रीलिपी, आकृती यांच्या जुन्या फॉन्टांत होत असे. त्यांत देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसविलेले असत. छपाईत त्याने काही अडत नसे. मात्र तोच मजकूर ई-पुस्तकात घेतला की निरर्थक रोमन चिन्हे उमटतात. परिवर्तकाने तो युनिकोडमध्ये आणता येतो, पण रफार व जोडाक्षरे बिघडण्याची धास्ती राहते. मराठीतील चूक वाचकाच्या चटकन ध्यानात येते. माडियातील चूक पकडण्यास ती भाषा जाणणाराच मुद्रितशोधक हवा, आणि तो शहरातील छापखान्यात सहसा नसतो.

म्हणून मूळ संहिता युनिकोडमध्येच टंकित करावी. त्यासाठी लिब्रेऑफिस पुरेसे आहे. फुकट म्हणजे हलके, हा समज येथे सोडावा. शीर्षक, परिच्छेद, तळटीप यांना ठरावीक शैली द्याव्यात. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतील भेद टंकलेखनातच राखावा.

छपाईच्या मांडणीसाठी इनडिझाईन वापरल्यास वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडावा, अन्यथा ऱ्हस्व वेलांटी भलत्याच जागी जाते. २०२४ मध्ये आलेले स्क्रायबस १.६ विनामूल्य आहे. छापखान्यास फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ द्यावी आणि पानांची संख्या फर्म्याच्या हिशेबाने बसवावी. मोबाईलच्या पडद्यावर मात्र पीडीएफचे पान सारखे सरकवावे लागते. तेथे ईपब सोयीचे, कारण त्यातील ओळी पडद्याच्या रुंदीनुसार जुळतात. मूळ संहितेवरून ईपब सिजिलमध्ये सिद्ध करता येते.

खरी गफलत पुढेच होते. शेवटच्या प्रुफातील दुरुस्त्या केवळ छपाईच्या फाईलमध्ये होतात आणि ई-पुस्तकात जुन्या चुका तशाच राहतात. प्रत्येक दुरुस्ती मूळ संहितेतही नोंदवावी.

माडिया मजकूर देवनागरीत छापता येतो. गोंडीच्या स्वतंत्र लिपींपैकी मसराम गोंडी २०१७ मध्ये, तर गुंजाळा गोंडी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये समाविष्ट झाली. त्या वापरावयाच्या असल्यास फॉन्ट ईपबमध्ये अंतर्भूत करावा आणि साध्या मोबाईलवर पुस्तक उघडून पाहावे.