मोडीचा रुमाल आणि आपले संशोधक

आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत एक मोडी कागद होता. आजोबा त्याला वतनाची सनद म्हणत. घरात कोणालाच मोडी येत नव्हते. गावच्या कुळकर्ण्याने कधीकाळी तो वाचून दाखवला होता आणि तो जे बोलला तोच आमच्या घराचा इतिहास ठरला. पुढे मी मोडी शिकलो आणि कागद स्वतः वाचला. ती सनद नव्हती. वेठ आणि बलुत्याचा वाटा यांविषयी गावच्या महारांनी केलेल्या तक्रारीची ती नक्कल होती. खाली सात नावे होती, त्यांतले एक आमच्या घराण्यातले. सनद गेली, पण तक्रार करणारा पूर्वज सापडला. तेव्हापासून मला वाटत आले आहे की मध्ययुगाचा अभ्यास आपण दुसऱ्यावर सोपवून चालणार नाही.

आपले विद्यार्थी इतिहासात एम. ए. करतात तेव्हा बहुतेक जण फुले-आंबेडकरी चळवळीचा विषय घेतात. ते स्वाभाविक आहे. तिथे आपण माणूस म्हणून उभे राहिलो. त्यामागचा काळ म्हणजे गळ्यातले मडके आणि कमरेचा झाडू, असे समजून आपण पाठ फिरवतो. पण ज्या काळाकडे आपण पाठ फिरवली, त्या काळाची कागदपत्रे कोणाच्या हाती राहिली? 1910 साली इतिहासाचार्य राजवाडे यांच्या पुढाकाराने पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. सरदेसायांनी 1930 नंतर पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे 45 खंड काढले. या मंडळींचे कष्ट मोठे आहेत. ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु कोणता कागद निवडायचा आणि कोणता रुमालातच ठेवायचा, हे निवडणाऱ्याच्या नजरेवर ठरते. राजकारण आणि लढाया पुढे आल्या. वेसकराची भाकरी मागे राहिली.

चोखोबाची गोष्ट आठवावी. त्यांचे अभंग अनंतभट्टाने लिहून घेतले, असे परंपरा सांगते. 1338 साली मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले. त्यांची समाधी पंढरीच्या देवळाबाहेर, नामदेव पायरीसमोर आहे. शब्द आपला, लेखणी दुसऱ्याची आणि जागा दाराबाहेरची! सहाशे वर्षांनंतर, 1948 मध्ये, बाबासाहेबांनी अस्पृश्यतेच्या उगमावरचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. त्या ग्रंथाची लेखणी मात्र आपली होती.

विठ्ठल रामजी शिंदे यांनी 1933 मध्ये भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न मांडताना जुने कागद आणि लोकपरंपरा दोन्ही तपासल्या. टोकियोच्या हितोत्सुबाशी विद्यापीठातले हिरोशी फुकाझावा अठराव्या शतकातल्या बलुतेदारीचा शोध घेण्यासाठी मराठी कागदांत उतरले. एलिनॉर झेलियट अमेरिकेतून आल्या, 1969 मध्ये महार चळवळीवर त्यांनी पीएच. डी. मिळवली आणि तिथून मागे जात चोखोबापर्यंत पोहोचल्या. परक्या देशाची माणसे एवढे करतात, मग ज्यांच्या पूर्वजांची नावे त्या कागदांत आहेत त्यांनी का करू नये? जुन्या महजरांवर पाटलाच्या नावापुढे नांगर आणि न्हाव्याच्या नावापुढे आरसा अशा निशाण्या असत. शिवेच्या वादात महाराची साक्ष घेतली जाई. ज्याच्या सावलीचा विटाळ होई, त्याच्याच शब्दावर गावाची शीव ठरे! ही विसंगती आपल्याइतकी कोणाला बोचणार आहे?

संधी नाही, असे आज म्हणता येत नाही. 2005-06 पासून अनुसूचित जातींच्या संशोधकांना राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती मिळू लागली. बार्टीचीही अधिछात्रवृत्ती आहे. पुण्याचे पुराभिलेखागार संशोधकांना खुले आहे. मोडीचे वर्ग भरतात. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किती वाण आहे हे सर्वांना कळले. अर्थात अधिछात्रवृत्तीचा हप्ता उशिरा आला की खोलीचे भाडे थांबत नाही, हेही खरे.

पैशाइतकीच उणीव सोबतीची आहे. मी पहिल्यांदा एका दफ्तरखान्यात बसलो तेव्हा शेजारच्या वृद्ध अभ्यासकाने अडलेले अक्षर प्रेमाने सोडवून दिले, मग आडनाव विचारले, मग गाव विचारले. त्यानंतर तो बोलला नाही. मी काही दिवस गेलोच नाही. परत गेलो ते एका मित्राला बरोबर घेऊन. दोघे एकच पान वाचत असू, दुपारी एकच डबा खात असू. त्या डब्याने मला संशोधनात टिकवले.

म्हणून माझे सांगणे साधे आहे. प्रत्येक जिल्ह्यात चार-पाच जणांनी एकत्र यावे. आठवड्यातून एकदा बसून एक मोडी कागद वाचावा. घरोघरच्या पेट्या उघडाव्यात, वतनाचे जुने कागद उतरून घ्यावेत, त्यांची यादी करावी. 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने गेली ते चांगलेच झाले; पण वतनाबरोबर कागदही चुलीत गेले तर वेठीचा पुरावाच जाईल. आणि उद्या कोणी म्हणेल, असे काही नव्हतेच.

आमचा तो कागद मी आता पेटीत ठेवत नाही. त्याची देवनागरी प्रत माझ्या नातीने केली आहे. सातही नावे तिला पाठ आहेत.