ओढायचं कशानं, पेटवायचं कशावर : वऱ्हाडातल्या फिरत्या सिनेमाचा हिशेब



सिनेमाचा इतिहास म्हटला की आपण नटनट्यांची नावं घेतो, दिग्दर्शकांची घेतो, फार तर थिएटरांची घेतो. आज आपण तंबूच्या मागच्या बाजूला जाणार आहोत. तिथं एक ट्रक उभा असे आणि एक इंजिन धडधडत असे. टूरिंग टॉकीज काढणाऱ्या माणसाला कोणता सिनेमा लावायचा हे ठरवण्याआधी दोन प्रश्न सोडवावे लागत. सामान ओढणार कोण? आणि वीज येणार कुठून? हे प्रश्न वरवर मेकॅनिकचे वाटतात. पण कोणत्या गावाला सिनेमा दिसला आणि कोणत्या गावाला दिसला नाही, हे पुष्कळदा याच दोन उत्तरांवर ठरलं.

सुरुवात मुक्या काळापासून करू. १८९२ साली कल्याणच्या पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ दाखवायला सुरुवात केली. काचेवर रंगवलेली चित्रं, मागं दिवा, पुढं भिंग. पुढं १९१३ साली फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. मूकपटाचं यंत्र हातानं फिरवता येई आणि उजेडासाठी चुन्याच्या कांडीवर गॅसची ज्योत सोडून काम भागवता येई. म्हणजे विजेशिवाय खेळ होऊ शकत होता, आणि सगळं सामान एका बंडीत मावत होतं. वऱ्हाडात ही मोठीच सोय. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही स्टेशनं मोठ्या लाइनीवर. मूर्तिजापुराहून एक छोटी गाडी अचलपूरला जाई आणि एक यवतमाळला. तीच आपली शकुंतला. स्टेशनापर्यंत रेल्वे, पुढं बैल. बैलाला रस्त्याची फार तक्रार नसते, पांदणीतूनही तो बंडी काढतो.

मग १९३१ साली ‘आलम आरा’ आला, आणि सिनेमा बोलू लागला. बोलपटानं कथा बदलली, गाणी आणली, हे सगळे सांगतात. त्यानं सामानाचं वजनही बदललं, हे कुणी सांगत नाही. आवाज फितीवरच छापलेला. फीत सेकंदाला चोवीस चौकटी या ठरलेल्या वेगानंच सरकली पाहिजे. हातानं फिरवून ते जमत नाही, मोटर लागते. आवाज मोठा करायला अँप्लिफायर लागतो. म्हणजे वीज आली. आणि ती वीज स्थिर हवी. जनरेटरचा वेग पडला की मोटरचा वेग पडतो, गाणारी बाई मध्येच पुरुषी आवाजात गाऊ लागते आणि तंबूत शिट्ट्या सुरू होतात.

आता हिशेब करू. दोन कार्बनच्या कांड्यांमध्ये ठिणगीचा झोत पेटवायचा, तर साधारण तीस अँपिअर प्रवाह लागतो. झोताचे दीड हजार वॅट झाले. प्रवाह आवरायला मध्ये जो रोध ठेवतात, तो जवळपास तेवढीच वीज नुसती उष्णतेत घालवतो. त्यात मोटर, अँप्लिफायर, भोंगा, तंबूतले आणि तिकीट खिडकीवरचे दिवे धरा. चार-पाच किलोवॅट झाले. म्हणजे मागं निदान आठ-दहा अश्वशक्तीचं इंजिन हवं. त्यात तंबू, कनाती, बांबू, पडदा, यंत्र, माणसांचा बिछाना-भांडी आणि फिल्मचे डबे. पंधरा-सोळा रिळांचा एक सिनेमा डब्यांसकट मणाच्या वर जातो. एवढं बंडीत मावत नाही. ट्रक आला.

तेव्हा मालकापुढं तीन वाटा होत्या. पहिली, ट्रकच्याच इंजिनावर पट्टा चढवून डायनामो फिरवायचा. यात पैसा वाचतो, वजनही वाचतं. पण इंजिन बिघडलं तर खेळही गेला आणि गावातून निघायची सोयही गेली. शिवाय खेळ चालू असताना ट्रक जागचा हलू शकत नाही. दुसऱ्या रिळांचे डबे आणायला कोण जाणार? दुसरी वाट, जनरेटर वेगळ्या दोनचाकी गाड्यावर बसवून ट्रकमागं जोडायचा. तो दूर उभा करता येतो, आवाज तंबूत येत नाही, ट्रक मोकळा राहतो. पण काळ्या मातीत मागचा गाडा आधी रुततो, आणि रुतला की ट्रकलाही धरून ठेवतो. तिसरी वाट, जनरेटर ट्रकवरच ठेवायचा आणि मुक्कामी उतरवायचा. त्याला माणसं लागतात, आणि माणसांना जेवण लागतं.

यातली बरोबर कोणती? आमचं उत्तर असं, की ते मुक्कामावर अवलंबून. बहिरमची यात्रा घ्या. परतवाड्याहून बैतूलकडे जाताना सातपुड्याच्या पायथ्याशी ती भरते, २० डिसेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत. अशा ठिकाणी महिनाभर तंबू हलत नाही. तिथं वेगळा जनरेटर परवडतो. आज या बाजाराला, परवा त्या उरुसाला असं दोन-दोन रात्रींचं फिरणं असेल, तर सगळं एकाच ट्रकवर बरं. प्रोजेक्टरच ट्रकच्या हौद्यात पक्का बसवायचा आणि तंबू ट्रकच्या तोंडाशी ठोकायचा, ही महाराष्ट्रभर दिसणारी पद्धत या घाईतून आली.

ट्रक कोणता, हाही प्रश्न होताच. महायुद्ध संपल्यावर लष्कराचे फोर्ड, शेवरोले, डॉज असे ट्रक जुन्या बाजारात आले. दणकट, उंच, खाचखळग्याला न भिणारे. पण पेट्रोल पिणारे. आणि पेट्रोलची टाकी तंबूजवळ म्हणजे धोका. त्या काळची नायट्रेटची फिल्म ठिणगीनंही भडकत असे. सिनेमाच्या खेळाला परवाना लावणारा १९१८चा कायदा प्रेक्षकांच्या सुरक्षेचा विचार करत होता, तो उगाच नाही. १९५४ साली टाटांनी मर्सिडीज-बेंझबरोबर जमशेदपूरला डिझेल ट्रक बांधायला घेतले. डिझेल स्वस्त आणि सहजी पेट न घेणारं.

इथं वऱ्हाडाची एक खास गोष्ट लक्षात घ्या. वरुड, मोर्शी, अचलपूर, चांदूर बाजार हा संत्र्याचा पट्टा. बागांना विहिरीचं पाणी, आणि गावात लाइन येण्याआधी विहिरीवर डिझेल इंजिन. किर्लोस्करांनी १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिनांची कंपनी काढली, साताऱ्याला कूपरची इंजिनं होत होती. ज्या जातीचं इंजिन विहिरीवर, त्याच जातीचं तंबूमागं असलं तर वॉशर, नोझल, पट्टा तालुक्यालाच मिळतो आणि दुरुस्तीवाला हाकेच्या अंतरावर असतो. परदेशी जनरेटर कागदावर कितीही सरस असला, तरी रात्री साडेनऊला बंद पडल्यावर तो सरस राहत नाही. उत्तम यंत्र म्हणजे ज्याची दुरुस्ती मुक्कामाच्या गावात होते ते.

हंगामाचंही गणित होतंच. पावसाळ्यात काळी माती चाक सोडत नाही, म्हणून धंदा बंद. दिवाळीनंतर कापूस विकला जातो, हातात पैसा येतो, रस्ता वाळतो, यात्रा भरतात. अमरावती तर सी. पी. बेरार विभागातल्या सिनेमा वितरणाचं केंद्र. फिल्मचे डबे तिथून निघत. कापूस, रस्ता आणि डबे या तिघांची गाठ हिवाळ्यात पडे.

मग हे सगळं मोडलं कशानं? सरळ उत्तर असं देतात, की गावोगाव वीज आली. १९६०ला राज्य वीज मंडळ झालं, अकोला जिल्ह्यात पारसला वीज केंद्र उभं राहिलं, लाइन हळूहळू खेड्यात पोचली. पण विजेनं तंबू मेला नाही. लाइन असली तरी रात्री विहिरींचे पंप सुरू झाले की दाब पडे, म्हणून मालक जनरेटर बाळगूनच असे.

आम्हाला खरं कारण वजनात दिसतं. ऐंशीच्या दशकात व्हिडिओ आला. रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर मिळून साधारण दोनशे वॅट. लाइन गेली तर छोटा जनरेटर पुरे. सगळं सामान रिक्षात मावतं. ट्रक नको, तंबू नको, पाच किलोवॅट नकोत. १९३१ साली सिनेमाचं ओझं बंडीबाहेर गेलं होतं, ते पन्नास वर्षांनी पुन्हा बंडीत मावेल एवढं झालं. फक्त मधल्या काळात एका पडद्यासमोर हजार माणसं बसत होती, ती आता वीस-वीसच्या खोल्यांत वाटली गेली. तमाशातल्या बाया, हमाल, शेतकरी, बागवान एका कनातीत बसून एकाच वेळी हसत होते, ते संपलं. वजन कमी झाल्याचा हा खर्च कुणी मांडलेला नाही.

महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चाकांवरचं घर घेऊन फिरणारी मंडळी आज विचारतात, बॅटरी किती, सोलर की जनरेटर, ओढायला गाडी कोणती. प्रश्न तेच आहेत, उत्तराची रीतही तीच. आधी मुक्काम किती दिवसांचा ते ठरवा, मग रस्ता बघा, मग वॅटची बेरीज करा, आणि बिघाड झाला तर हात लावणारा माणूस कुठं आहे ते विचारा. टूरिंगवाल्याला हे ज्ञान पुस्तकातून मिळालं नव्हतं.

आणि ते पुस्तकात गेलंही नाही. सिनेमाची पोस्टरं संग्रहालयात आहेत. ते ट्रक मात्र भंगारात चालले, आणि इंजिन चालवणारी माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल, तर ‘कोणते सिनेमे लावले’ हे जरूर विचारा, पण त्याआधी विचारा, ‘दादा, इंजिन कोणतं होतं?’ बाकीचा इतिहास तो स्वतःच सांगू लागेल.